एक तरी नियमित भाविक

वन्सं, तर त्या मंगळवारी सकाळी मी अभ्रे मोजून फडताळात लावले, फाटक्या चादरी वेगळ्या काढल्या, डागाळलेल्या परत धुवायला पाठवल्या आणि बादली-फडकं घेऊन प्रार्थनेची खोली पुसायला गेले. पाणी बदलायला बाहेर, पुसायला आत, फिनेल विसरलं म्हणून बाहेर, खुर्च्या सरकवायला आत, असं माझं दहा-बारा वेळा तरी झालं. दाराच्या चौकटीवर बटणाएवढा एक डोळा बसवलाय आणि दरवेळी तो लाल लुकलुकतोय, हे काही माझ्या लक्षात आलं नाही. पुढचा सगळा घोटाळा त्या डोळ्याने केला.

पण थांबा, नमस्कार राहिलाच. थोरल्या नणंदेला पत्र लिहायचं आणि सुरुवात फिनेलपासून करायची, हे माझ्यासारखीलाच जमतं. तर वाकून नमस्कार. तुमचे गुडघे कसे आहेत? जिना चढताना अजून कठडा धरावा लागतो का? माझं बरं चाललंय. डोळ्यांना जाड चष्मा लागला, तो सोडला तर शरीराने अजून दगा दिलेला नाही. तुमचा भाऊ गेल्यापासूनच्या दीड वर्षात आपण एकमेकींना एक ओळ लिहिली नाही. त्याचं कारण तुम्हालाही ठाऊक आहे आणि मलाही. ते तूर्त बाजूला ठेवू, कारण सांगायचं पुष्कळ आहे आणि कागद कमी आहे.

आमच्या हॉस्पिटलात (मी अजून तिथेच, लिनन रूममध्ये, चादरी आणि रुग्णांचे कपडे सांभाळते) तळमजल्यावर एक प्रार्थनेची खोली आहे. आठ खुर्च्या, एक खिडकी, भिंतीवर काही नाही. कोणीही यावं, आपापल्या देवाचं नाव घ्यावं. साफसफाईच्या बाई निवृत्त झाल्या, काही दिवस ती खोली तशीच राहिली आणि मग रोज दोन वेळा पुसायचं काम माझ्या गळ्यात पडलं. त्याच सुमारास वरच्या ऑफिसात एक नवे साहेब आले. त्यांना आम्ही सगळे आकडेसाहेब म्हणतो, कारण त्यांना प्रत्येक गोष्ट मोजून हवी असते. रुग्ण किती हसले तेसुद्धा ते मोजतील. त्यांनीच तो डोळा बसवला.

महिन्याभराने त्यांनी सगळ्यांना सभागृहात बोलावलं. पडद्यावर मोठ्या अक्षरांत लिहिलं होतं, ‘बदलत्या समाजात श्रद्धेचे भवितव्य’. (मी चष्मा पुसून दोनदा वाचलं. वन्सं, मी अक्षरं शिकले ती कपड्यांच्या गाठोड्यांवरच्या चिठ्ठ्यांवरून. ‘फाटके’, ‘डाग’, ‘पुन्हा धुणे’ हे माझे पहिले धडे. त्यामुळे एवढा मोठा शब्द दिसला की मी तो उलटून, शिवण तपासून पाहते.) साहेब म्हणाले, प्रार्थनेच्या खोलीत ये-जा दिवसाला नऊवरून सत्तावन्नवर गेली आहे. लोक श्रद्धेकडे परतत आहेत. नवी पिढीसुद्धा. खोली अपुरी पडेल, भिंत पाडून ती दुप्पट करावी लागेल. पडद्यावरचा बाण छताला टेकायला आला होता. टाळ्या झाल्या. मेट्रनबाईंनी तर डोळ्याला पदर लावला.

आता मी गप्प बसायला हवं होतं. पण तुम्ही मला ओळखता. मी हात वर केला आणि म्हटलं, “साहेब, ते सत्तावन्न म्हणजे बहुतेक मी आहे. मी आणि बादली.”

साहेबांनी तिथल्या तिथे माझी पन्नास वेळची ये-जा वजा केली. उरले सात. त्यातले पाच शेजारचं स्वच्छतागृह शोधत आलेले असतात, हेही मीच सांगितलं (रोज मीच त्यांना वाट दाखवते). बाण छतावरून जो सुटला तो जमिनीत शिरला. आठ दिवसांत नोटीस लागली की एक तारखेपासून त्या खोलीत मोबाइल चार्ज करायची सोय होणार. आठ खुर्च्यांच्या जागी चाळीस प्लग.

मेट्रनबाई लिनन रूममध्ये येऊन माझ्यावर तुटून पडल्या. “तुला तोंड आवरता येत नाही का गं? देवाची खोली घालवलीस!” मी म्हटलं, “बाई, तुमचा देव माझ्या बादलीवर चालत होता का?” त्या ताडताड निघून गेल्या. पण बाई मनाने चांगल्या आहेत. वर जाऊन त्यांनी साहेबांशी भांडून एक सवलत मिळवली. एक तरी नियमित भाविक दाखवा, त्याची लेखी सही आणा, खोली राहील. छापील अर्जही दिला. त्यावर एकच ओळ होती, ‘मी या खोलीत नियमित येऊन श्रद्धेने प्रार्थना करतो/करते.’

तुम्ही म्हणाल, एवढ्या मोठ्या हॉस्पिटलात एक सही मिळणार नाही? बाईंनाही तसंच वाटलं. सही करायला माणसं रांगेने तयार होती. माझी चूक एवढीच की सही करण्याआधी मी प्रत्येकाला ती ओळ वाचून दाखवली. (लोक वाचत नाहीत हो. मला वाचायला उशिरा मिळालं म्हणून मी फुकट काही सोडत नाही.) मोठे सर्जन पेन उघडून थांबले. म्हणाले, मी प्रार्थना करतो, पण हात धुताना, नळापाशी. लिफ्टवाले काका म्हणाले, मी लिफ्टमध्येच करतो, वर जाताना. खाली येताना का नाही, असं विचारलं तर म्हणाले, खाली येईपर्यंत जे व्हायचं ते झालेलं असतं. मेट्रनबाई स्वतः पहाटे घरी पूर्ण तासभर करतात, पण त्या खोलीत चार वर्षांत पाऊल टाकलेलं नाही. देवाच्या बाबतीत खोटी सही करायला एकही तयार होईना. त्यांचं मला कौतुकच वाटलं. पण खोलीचं काय?

म्हणजे बघा, जे भाविक आहेत ते नियमित नाहीत, आणि सगळ्या हॉस्पिटलात नियमित अशी एकच बाई आहे, ती भाविक नाही.

होय, वन्सं. मी रोज एक वाजून दहा मिनिटांनी तिथे जाऊन बसते, बादली न घेता. आता लगेच ‘शेवटी आली ना वाटेवर’ म्हणून शेजारणीला हाक मारू नका. मी कुठल्याही वाटेवर आलेली नाही. मी देवाशी बोलत नाही. तुमच्या भावाशीही बोलत नाही, तेवढी मला समज आहे. वरच्या वॉर्डात ते अकरा आठवडे होते, तेव्हा मी त्यांना रोज दुपारी चाकाच्या खुर्चीतून खाली आणायची. ते डोळे मिटून बसायचे, मी शेजारी बसून वाचायची. निघताना ते विचारायचे, काय वाचलंस? मी विचारायची, काय म्हणाला तुमचा? ते म्हणायचे, काही नाही, ऐकत होता. सव्वीस वर्षांच्या संसारात आमची धर्मचर्चा ती एवढीच, आणि एकदाही भांडण झालं नाही. हॉस्पिटलातल्या बाकी प्रत्येक दारावर कोणीतरी विचारतं, ‘कोणाचे नातेवाईक?’ त्या खोलीत कोणी विचारत नाही. आता मी कोणाचीच नातेवाईक नाही, म्हणून मला ती खोली लागते.

रुग्णांच्या वाचनालयात या विषयावर दोन जाडजूड पुस्तकं आहेत. एकात सिद्ध केलंय की पन्नास वर्षांत देवाला कोणी विचारणार नाही. दुसऱ्यात सिद्ध केलंय की पन्नास वर्षांत लोक पुन्हा त्याच्याच पायाशी येतील. दोन्ही लेखकांना पक्की खात्री आहे आणि दोघांचीही पुस्तकं आजवर एकट्या मीच नेली आहेत. मला पन्नास वर्षांनंतरचं कळत नाही. एक तारखेनंतरचं कळतं. रडायला आलेल्या माणसाला चाळीस प्लगांमध्ये उभं करणार असाल, तर मी आडवी येणार.

म्हणून मी अर्ज घेतला आणि त्यातले ‘श्रद्धेने प्रार्थना’ हे दोन शब्द खोडले. ‘करतो/करते’चं ‘बसते’ केलं. ‘मी या खोलीत नियमित येऊन बसते.’ खाली सही ठोकली आणि साहेबांच्या टेबलावर ठेवला. साहेब म्हणाले, खाडाखोड चालत नाही. तुम्ही नक्की कोण? भाविक की बिनभाविक? माझ्याकडे दोनच रकाने आहेत. मी म्हटलं, “मी लिननवाली. तुमचे रकाने तोकडे आहेत, पाठवून द्या, जोड लावून देते.” साहेबांनी अर्ज परत केला. मी तो पुन्हा त्यांच्या टेबलावर ठेवला. असं तीनदा झालं. चौथ्यांदा मी उद्या ठेवणार आहे.

बाकी सर्व ठीक. प्रकृतीला जपा.

तुमची भावजय

ता. क. गुडघ्यांचं विचारलं ते उगीच नव्हतं. लिफ्ट आहे, आणि ती खोली तळमजल्यावरच आहे, जिना लागत नाही.

ता. क. दुसरा. सरळच लिहिते. तुमच्याइतकी खरी श्रद्धा मी दुसऱ्या कोणात पाहिलेली नाही, आणि तुम्ही खोटी सही मेलात तरी करणार नाही. महिनाभर माझ्याकडे राहायला या. रोज दुपारी माझ्याबरोबर चला. तुम्ही प्रार्थना करा, मी बसते. मग सही करा, एकही शब्द न खोडता. राहाल तितके दिवस मी तुमच्याशी देवावरून वाद घालणार नाही. (जेवताना घालीन, पण थोडा.)

ता. क. तिसरा. ‘तू एकदा तरी हात जोडले असतेस तर माझा भाऊ वाचला असता,’ असं तुम्ही त्या दिवशी त्यांच्या उशाशी म्हणालात. ते मी विसरलेली नाही आणि माफही केलेलं नाही. तरी या.

ता. क. चौथा. तिसरा ता. क. खोडावा की ठेवावा या विचारात पत्र दोन दिवस पिशवीतच राहिलं. ठेवलाय. अर्ज चौथ्यांदा ठेवायचा राहिला, कारण पत्र लिहिलं त्याच्या दुसऱ्या दिवशी मी कामावर सुट्टी टाकली, ह्यांची खाट भिंतीपासून ओढून बाहेर काढली, गादी दिवसभर उन्हात घातली आणि संध्याकाळी त्यावर तुमच्यासाठी धुतलेली चादर घातली.