गालिच्याखालचा भुगा

४ जानेवारी
आलो बाई एकदाचे नाशकात! ‘छोटा हत्ती’ टेम्पोत सामान कोंबून देवळ्याहून निघालो ते दुपारी पाथर्डी फाट्यावर. दुसरा मजला, दोन खोल्या आणि स्वयंपाकघर. मागच्या गॅलरीत छान ऊन येतं. सासूबाईंनी तिथे लगेच खुर्ची टाकली आणि नळाला काय धार हाय म्हणून कौतुक करत बसल्या. धोंडाबाईंसारख्या सासूला नाशिक आवडलं म्हणजे अर्धी लढाई जिंकली मी.

उद्यापासून ऑफिस. ललितच्या जागेवर मला घेतलंय, अनुकंपेवर. चांदवडजवळ त्याच्या मोटारसायकलला ट्रकने उडवलं, तेव्हापासून आम्ही सासूसुना दोघीच. असो. आज चांगलंच लिहायचं ठरवलंय.

घरात खोट एकच. बाहेरच्या खोलीत भिंतीपासून भिंतीपर्यंत मरून रंगाचा जुना गालिचा चिकटवलाय. कुणाची हौस ही, देव जाणे. तो काढायचा नाही, असं मालकांनी सांगितल्याचं एजंट म्हणाला. मी बरं म्हटलं.

८ जानेवारी
सासूबाईंचा खोकला थांबेना. गालिच्यावर नुसतं चाललं तरी धूळ उठते. झाडून झालं, शाम्पू लावून घासून झालं, दोन दिवस खोलीत ओल्या कुत्र्याचा वास. बास. मालक पुण्यात बसलेत, त्यांना काय कळतंय! रविवारी काढून टाकते.

११ जानेवारी
कंबरडं मोडलं! कटरने पट्ट्या कापल्या, पण खालचा स्पंज फरशीला असा चिकटलेला की रंगाऱ्याच्या लांबी भरायच्या पट्टीने खरवडावा लागला. स्पंज कसला, हात लावला की पिवळा भुगा. बेसनाचा डबा सांडल्यासारखी खोली दिसत होती. तोंडाला ओढणी बांधून मी घमेलीच्या घमेली भरली. सासूबाई दारातून सूचना देत होत्या, ह्या कोपऱ्यात राहिलं, त्या कोपऱ्यात राहिलं. मी म्हटलं, या तुम्हीच, तर हसल्या. किती महिन्यांनी हसल्या!

गुंडाळ्या सुतळीने बांधून बाहेर जिन्याच्या चौकात उभ्या केल्यात. भंगारवाला येईल तेव्हा नेईल.

१३ जानेवारी
तीनदा पुसून कोरडी केलेली फरशी संध्याकाळी पुन्हा पिवळी. सासूबाई दिवसभर मागच्या गॅलरीत होत्या, बाहेरच्या खोलीत कुणी गेलंच नाही. आणि भुग्यात पावलं. पुरुषाची. खिडकीपासून खोलीच्या मध्यापर्यंत.

मी खाली बसले. मला भीती वाटायला हवी होती. मला रडू आलं, ते आनंदाने.

आमच्याकडे माणूस गेला की पीठ पसरून शेजारी दिवा लावतात, पिठावर पाटी पालथी घालतात. पाऊल उमटलं की नाव घेऊन ‘जा बाबा, सुखाने जा’ म्हणतात आणि पीठ नदीत सोडतात. ललितच्या वेळी पीठ कोरंच राहिलं. लोक म्हणाले, मोकळा होऊन गेला. मला नाही पटलं. मला न सांगता हा माणूस कोपऱ्यावर दूध आणायला जात नसे.

आला असणार. पत्ता शोधत आला असणार.

१४ जानेवारी
संक्रांत. यंदा आम्हाला सण नाही. तरी मी ऑफिसला जाण्याआधी गुळाच्या पोळीचं पान वाढलं, खोलीच्या मध्यावर, पाट मांडून. ललित, ये जेवायला, म्हटलं. संध्याकाळी पोळीचा एक तुकडा नव्हता. पावलं पाटापर्यंत आलेली.

१६ जानेवारी
सासूबाईंना कळलं. त्यांना जवळचं नीट दिसत नाही, त्या फरशीवर बसून बोटाने पाऊल चाचपत राहिल्या. मग म्हणाल्या, हे माझं लेकरू नाय, सरिता. डाव्या पायाला पाच बोटं हायेत.

ललितची करंगळी लहानपणीच बैलगाडीच्या चाकाखाली गेलेली. मला काय माहीत नाही? आठ वर्षं संसार केला मी. पण भुगा आहे, हलतो, एखादी रेघ जास्तीची उमटते. मी तसं म्हटलं. त्यांनी मालकांना फोन लावायला सांगितला.

मालक रंगनाथराव आधी चिडले, गालिचा का काढला म्हणून. मग रडायला लागले. त्यांचा मुलगा महेश त्याच खोलीत गेला, आजारपणात, लग्नाआधीच. पिठात पाऊल उमटलं. पण रंगनाथरावांच्या बायकोने ‘जा’ म्हणू दिलं नाही. पीठही उचलू दिलं नाही, त्यावरच गालिचा घालून घेतला, पोरगा घरात राहावा म्हणून. पुढे ती वारली, रंगनाथरावही घर सोडून पुण्याला गेले, आणि तो राहिला. म्हणाले, पोरी, तू तरी त्याचं नाव घेऊन त्याला जा म्हण, मला नाही जमलं.

१७ जानेवारी
‘जा’ नाही म्हटलं मी. उद्या म्हणेन.

पान वाढलं. ललित, ये, म्हटलं.

१८ जानेवारी
सासूबाई गेल्या देवळ्याला, न्यायला आलेल्या चुलत दिराबरोबर. जाताना हात धरून म्हणाल्या, परक्या लेकराला माझ्या लेकराच्या पाटावर बसवू नको, त्याचं नाव देऊ नको. मी हात सोडवून घेतला. त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं आणि मी मुकाट्याने त्यांची पिशवी दाराबाहेर ठेवली. इतकी कशी मी दगड झाले?

पण घरी आल्यावर कुणीतरी असतं. त्यांना काय सांगू हे?

२० जानेवारी
पान पूर्ण रिकामं. मी ऑफिसातल्या गोष्टी सांगितल्या. मला माहीत आहे हा कोण नाही ते. माहीत आहे. तरी ललित म्हणते. म्हटलं की बरं वाटतं.

पावलं आता माझ्या खोलीच्या दारापर्यंत—

२१ जानेवारी
माझ्या गादीवर भुगा. बाजूची उशी दबलेली.

आता भीती वाटते. महेश, जा बाबा, म्हटलं. सुखाने जा. पुन्हा पुन्हा म्हटलं, ओरडून म्हटलं. काही हललं नाही. महेश म्हणून इथे कुणी राहिलंच नाही, मीच त्याला दुसरं नाव दिलं.

२२ जानेवारी
भंगारवाला आज आला. गुंडाळ्या उचलल्या आणि त्यांच्या मागे इतके दिवस झाकलेला जिन्याचा चौक उघडा पडला. सगळीकडे पिवळा भुगा, आणि त्यात पावलं. खालून वर आलेली, आमच्या दाराशी थांबलेली, परत गेलेली. कितीतरी वेळा. जुन्यांवर नवी.

डाव्या पायाला चार बोटं.

येत होता. रोज येत होता. दाराशी उभा राहून ऐकत असेल, आत मी कुणाला जेवायला बोलावते ते. त्याच्याच नावाने. त्याच्या पाटावर कोण बसलंय ते— अरे देवा, काय केलं मी—

उंबऱ्यात बसून लिहितेय. अजून दिवस आहे. ही शेवटची पावलं ताजी आहेत, टाचा दाराकडे, बोटं जिन्याकडे. खाली निघालाय. अजून पहिल्या मजल्यावर असेल. हाक मारते.

मारली. जिन्यात वाकून, जीव एकवटून— ललित!

ओ आली.

घरातून आली. माझ्या मागून. आणि खाली जिन्यात पावलं थांबली होती ती, ओ ऐकून, पुन्हा उतरायला—

नाही रे, तो नाही, तू— ललि—

पुन्हा ओ. जवळून—