पाटीआड आलेला बदाम

मी, सिताराम भागुराम गमरे, वय ७१, निवृत्त इतिहास शिक्षक, राहणार जुईनगर, हे मृत्युपत्र पूर्ण शुद्धीत व कुणाच्याही दबावाविना लिहीत आहे. मुलगी अक्षता शेजारच्या खोलीत आहे. ती दबाव आणत नाही, नुसती खोकते.

१. राहता फ्लॅट व बँकेतील ठेव अक्षताला द्यावी.

२. मेसोपोटेमियातील प्राचीन वीरकाव्याचं मी केलेलं भाषांतर, वह्या अकरा, शाळेच्या वाचनालयाला द्यावं. त्यांनी नाकारल्यास आग्रह नको, प्रकाशकांनीही नाकारलेलं आहे. काव्यात एक राजा आणि रानातून आलेला त्याचा मित्र कीर्तीसाठी रखवालदाराला मारून देवदाराचं जंगल तोडतात. देव शिक्षा देतात ती एकट्या मित्राला. घणसोली गावचा देवजी मढवी, आमच्या शाळेचा शिपाई, हे सगळं मधल्या सुट्टीत ऐकायचा. राजा मी आणि सोबती तो, ही वाटणीही मीच केली होती. तो एकदाच म्हणाला, “मास्तर, त्या रखवालदाराचा काय गुना? तो त्याची ड्यूटीच करत व्हता ना?” तुला काव्य कळत नाही, असं मी त्याला सुनावलं.

३. सोसायटीच्या फाटकावरची ‘अध्यक्ष सि. भा. गमरे’ ही संगमरवरी पाटी माझ्या मरणाची वाट न पाहता काढावी. बदामाच्या झाडाआड ती दिसेना, म्हणून मी देवजीला कुऱ्हाड घेऊन बोलावलं. वॉचमन बाबासो चौगले आडवा आला. त्याला मी कामावरून काढलं. पुढे पालिकेची चौकशी लागली तेव्हा मी एवढंच सांगितलं, “झाड देवजीने तोडलं.” हे खरं होतं आणि शुद्ध हलकटपणाही होता. केस देवजीवर झाली. चार वर्षं तो माझ्याशी बोललेला नाही. माझ्यासारख्या भेकडाने जन्मभर वीरांच्या गोष्टी सांगितल्या, याची मला लाज वाटते. झाड माझ्या सांगण्यावरून तोडलं, हे मी आज पालिकेला लेखी कळवलं आहे.

४. देवजी व बाबासो यांना मी काहीही देत नाही. लाभ घेणाऱ्याने साक्षीदार होऊ नये असं वकील सांगतात, आणि मला साक्ष याच दोघांची हवी आहे. निरोप धाडला आहे. दुसरे साक्षीदार शोधू नयेत, मग हा कागद अपुरा राहिला तरी चालेल.

स्थळ: जुईनगर, नवी मुंबई
दिनांक: ९ नोव्हेंबर २०२५
सही: सि. भा. गमरे

साक्षीदार १: बाबासो ज्ञानू चौगले, १० नोव्हेंबर. (चहा घेतला नाही.)

साक्षीदार २: देवजी जोमा मढवी, ३ डिसेंबर. वाचला. समदा खरा हाय. पन मना तवा ‘नाय’ म्हनता येत व्हता. ता पन लिवा.