काकूचं खळं

आई,

काकूचं खळं कोर्टात गेलं. "शहाण्यानं कोर्टाची पायरी चढू नये" हे तू ऊठसूट ऐकवायचीस. तुझी दोन्ही लेकरं चढली, आणि तीही एकमेकांच्या विरुद्ध. तू असतीस तर दोघांनाही उंबऱ्याच्या आत घेतलं नसतंस.

आपल्या घराला लागून असलेली ती सारवलेली सपाट जागा, जिथे आपण भात झोडायचो, ती कागदावर शेजारच्या काकूची. आपल्या वाट्याला नुसता उतार. तू लग्न होऊन आलीस त्या वर्षी काकूच म्हणाली होती, "पोरगा गेला मुंबईला, आमी आता दोघंच. आमचं खळं वापर गं." ना कागद, ना साक्षीदार. तू फक्त एक रीत पाडलीस. झोडणी झाली की नव्या तांदळाचं पहिलं सूप काकूकडे जायचं, आणि ते नेणारी मी. काकू दरवर्षी म्हणायची, "अगं, कशाला आनलंस?" रिकामं सूप परत द्यायचं नसतं म्हणून त्यात गुळाचा खडा ठेवायची. तो खडा घरापर्यंत कधीच पोचला नाही, हे तुला पक्कं ठाऊक होतं.

मी आठवीत आहे. तू चुलीपाशी बसून तांदूळ पाखडते आहेस आणि मी दाराशी पाय आपटते आहे. काकू मागत पण नाही, मग दरवर्षी मीच का मरायचं? तुझा हात थांबतो. "मागत नाय म्हनूनच न्यायचं. तिला मागाया लागलं, त्या दिवशी आपन चोर." एवढं बोलून तू पुन्हा पाखडायला लागतेस. मी तोंड फुगवून सूप उचलते.

तुला जाऊन चौदा वर्षं झाली. आता भात झोडायला मशीन येतं, खळं कुणाला लागत नाही. दादाने तिथे दोन खोल्या बांधल्या, पळसदरीच्या धरणावर शनिवार-रविवारी येणाऱ्यांसाठी. पोरांची शिक्षणं त्या खोल्यांवर चालली आहेत, तेव्हा त्याला उगाच नावं ठेवू नकोस. पण काकूचा मुलगा नोकरी संपवून परत आला. त्याला त्याच जागेत घर बांधायचंय. त्याने जागा मागितली, दादा नाही म्हणाला, त्याने दावा लावला.

दादाच्या वकिलांनी मला समजावलं. मालकाच्या परवानगीशिवाय, उघडपणे, बारा वर्षांच्या वर ताबा होता एवढं सिद्ध झालं की जागा आपल्याकडेच राहते. माझ्या नावाचं प्रतिज्ञापत्र टाइप करूनच ठेवलं होतं. त्यात लिहिलेलं, परवानगी कधी घेतली नव्हती. मी म्हटलं, आणि तो तांदूळ?

"शेजारी शेजाऱ्याला देतोच की," दादा म्हणाला. "सही कर नं गप. माज्या पोरांचं काय व्हईल, ते बघशील का नाय?"

मी सही केली नाही. मग काकूच्या वकिलांनी मला साक्षीला बोलावलं, आणि दादाने माझ्याशी बोलणं टाकलं.

कर्जतच्या कोर्टाबाहेर बाकावर काकू बसली होती. तिला आता धड दिसत नाही. तिचा मुलगा मला ऐकू जाईल असं म्हणाला, "भटाला दिली ओसरी, भट हातपाय पसरी." काकूने त्याला "गप रं" केलं आणि चाचपडत माझा हात धरला. "जेवलीस का गं?" कोर्टात कुणी असं विचारतं का? मला रडू आवरेना.

पिंजऱ्यात उभी राहून मी सुपाचं सगळं सांगितलं. दादा खाली मान घालून बसला होता. त्याचे वकील उठले. आई गेल्यावर तांदूळ देणं तुम्हीच थांबवलंत ना? जागा आपलीच झाली असं वाटलं, म्हणूनच ना? मी म्हटलं, नाही. विसरले. घरी येईपर्यंत लोक मला सत्यवचनी म्हणायला लागले होते.

निकाल अजून लागायचाय. पण विसरले नव्हते गं. तू गेलीस त्याच वर्षी मी रसायनीला कारखान्याच्या ऑफिसात लागले होते. इस्त्रीचा ड्रेस घालून, डोक्यावर सूप घेऊन गावातून जायची लाज वाटली. दुसऱ्या वर्षी म्हटलं, काकू कुठे मागतेय. तिसऱ्या वर्षी दादाने स्वतःहून विचारलं, "काकूचं सूप न्यायचं ना?" तेव्हा मीच म्हणाले, आपल्याच जागेचं आपण कशाला द्यायचं? दादाच्या खोल्या त्यानंतरच्या. वकील बरोबर बोलत होते आणि दादाला ते माहीत होतं. तरी तो मान खाली घालून गप्प बसून राहिला, त्याने मला खोटं पाडलं नाही.

हे पत्र खरं तर त्याला लिहायला हवं होतं. तुला लिहिणं सोपं, तुझ्याकडून उत्तर यायचं नाही.