मामाच्या बीटांचा ढीग

१२ नोव्हेंबर
बोनिफात्सी मामा खुब्याच्या ऑपरेशनसाठी बिदगोश्चच्या इस्पितळात गेला. शेताच्या कडेला साखरबीटांचा ढीग आहे, दोनशे टन. कारखान्याचा ट्रक १६ डिसेंबरला येणार. तोवर राखण माझ्याकडे. ढीग नीट पोचला, तर तळ्याकडचा तुकडा वसंतात माझा, असे मामा म्हणाला. नोंदींसाठी नवी वही सुरू केली.

१३ नोव्हेंबर
कारखान्याचे व्रोनासाहेब येऊन गेले. उपटलेले बीटही जिवंत असते म्हणाले. ते श्वास घेते आणि त्यासाठी स्वतःचीच साखर जाळते. गारव्यात थोडी, उबेत भसाभसा. म्हणून ढिगाच्या पोटात तापमान पाच अंशांच्या वर जाऊ द्यायचे नाही. कडक थंडीत हवा खेळणारी पांढरी चादर घालायची, बस्स. सगळे शब्दशः उतरवून घेतले.

२१ नोव्हेंबर, सकाळी ६.१०
उणे सात. चादर घातली. वर पेंढा, त्यावर प्लास्टिक. किती पांघरायचे ते साहेब बोलले नव्हते. शेजारच्या हालिना काकू कुंपणावरून म्हणाल्या, दुलई घातलीस, आता अंगाईही म्हण.

२४ नोव्हेंबर
ऊन. प्लास्टिक काढणार होतो. पण थंडी परत आली तर? ढिगाच्या पोटात ९. थर्मामीटर जुना आहे.

२७ नोव्हेंबर
पोटात १४. थर्मामीटर बिघडलाच. कडेला घातला तर ४, म्हणजे कडेला बरोबर चालतो. यापुढे कडेलाच मोजायचे. वहीत ४ लिहिले, शाईने.

१ डिसेंबर
फटीतून पाहिले. बीटांना फिकट पिवळे कोंब फुटलेत. डिसेंबरात पालवी! एवढी निगा कुणी राखली नसेल. काकूंना मुद्दाम बोलावून दाखवले. त्यांनी छातीवर क्रूसाची खूण केली.
"पोरा, ही पालवी मामाची साखर खाऊन आलीय. आजच्या आज उघड सगळं."
वयस्कर माणसे लवकर घाबरतात. तरी उद्या नक्की उघडणार.

२ डिसेंबर
पाऊस. उघडले नाही.

६ डिसेंबर
शिवारभर गोठलेले पांढरे दहिवर, फक्त ढिगावर नाही. तिथून वाफ निघते. मधोमध ढीग गुडघाभर खचला आहे, वजनाने खचायचाच. गोडसर, आंबूस वास. कुत्रा तिकडे फिरकेनासा झाला.

११ डिसेंबर
मामाचा फोन. ४ सांगितले. खूश झाला. तळ्याकडे काय पेरायचे ते ठरव म्हणाला. ठरवले: बीट.

१६ डिसेंबर, दुपार
लोडरने पहिला घास घेतला आणि आतून काळा चिकट रस वाहिला. ड्रायव्हर म्हणाला, हे नेलं तर कारखान्यातले मलाच उकळतील. ट्रक रिकामा गेला.
मामा इस्पितळातून कुबड्यांवर थेट ढिगापाशी आला. बाही सारून त्याने हात आत घातला आणि बराच वेळ तसाच ठेवला.
"झेनेक, संध्याकाळच्या बसनं आईकडे जा."
परत कधी यायचे, ते विचारायचे राहिले.