अडतीस अंगठे

तीर्थस्वरूप मामांस,

साष्टांग नमस्कार असे लिहिण्याचा प्रघात आहे; परंतु माझ्या खोलीची जमीन सध्या दोन उघड्या बॅगा, एक वजनकाटा आणि निरोपादाखल मिळालेल्या नाना निरुपयोगी वस्तू यांनी व्यापली आहे. तिथे आडवे होण्यास जागा नाही, आणि जे घातले नाही ते घातले असे लिहिणे मला पटत नाही. तेव्हा उभ्याउभ्याच, पण मनःपूर्वक नमस्कार. आपला गुडघा कसा आहे? (मागील पत्रात आपण 'बरा आहे' एवढेच लिहिले होते. कोणता गुडघा, जिना चढताना की उतरताना, आणि बरा म्हणजे कशापेक्षा, यांपैकी कशाचाही खुलासा नव्हता.) हे पत्र टपालात टाकले तर ते माझ्या मागून घरी पोहोचेल, म्हणून पानांची छायाचित्रे काढून आपल्या फोनवर पाठवीत आहे. ती क्रमाने वाचावीत. आपण वर्तमानपत्रसुद्धा शेवटच्या पानापासून उघडता, हे मी विसरलेले नाही.

उद्या सकाळच्या विमानाने मी निघते. पाच महिन्यांचे हे सत्र पूर्ण झाल्याचे प्रमाणपत्र मिळण्यासाठी आमच्या कार्यशाळेच्या बाईंची एक सही लागते. ती नसेल तर हे पाच महिने मी परदेशात हवापालट केला, एवढाच त्याचा अर्थ उरतो. सोमवारपर्यंत त्या सहीविषयी मला तिळमात्र शंका नव्हती. कोणाचे काम सर्वांत स्वच्छ, असा प्रश्न निघाला तर वर्गातील अकराही जण माझ्या टेबलाकडे बोट दाखवीत (त्यांपैकी काही जण हे नाइलाजाने करीत, पण करीत). मंगळवारी मात्र बाईंनी लेखणीला टोपण लावले आणि म्हणाल्या, "शुक्रवारी बघू."

घडले ते असे. येथे जुन्या कागदांची दुरुस्ती शिकवतात, हे आपणांस ठाऊक आहेच. शेवटच्या परीक्षेसाठी प्रत्येकाला एकेक खरीखुरी वस्तू देतात, जी कुणीतरी विश्वासाने आणून दिलेली असते. माझ्या वाट्याला एका वृद्ध बाईंची वही आली. ती त्यांच्या आईच्या हातची. घरातल्या औषधांची, शिवणकामाच्या मापांची आणि कुणाला काय पाठवायचे याची टिपणे; एकूण पाने अडतीस. कडा कुरतडलेल्या, शिवण उसवलेली, आणि प्रत्येक पानाच्या खालच्या उजव्या कोपऱ्यात तेलकट, पिवळसर असा अंगठ्याएवढा डाग. मी कडा जोडल्या, भेगा सांधल्या आणि डाग काढले. मामा, काय काढले म्हणून सांगू! औषधात भिजवलेल्या कापसाचा एक हात, वर टिपकागद, वर वजन, चार तास विश्रांती. असे अडतीस वेळा. शेवटी वही अशी दिसू लागली की जणू कुणी ती कधी उघडलीच नव्हती. याहून मोठी स्तुती मला तेव्हा सुचत नव्हती.

मंगळवारी त्या आजी आल्या. खुर्चीवर बसल्या, वही मांडीवर घेतली, पहिले पान उलटायला हात कोपऱ्याकडे नेला आणि तिथेच थांबल्या. अंधारात दिव्याचे बटण चाचपडावे तसे त्यांचे बोट त्या कोऱ्या कोपऱ्यावर फिरत राहिले. दुसरे पान, तिसरे पान. "फार छान केलंस हो. अगदी नवी आणल्यासारखी झालीय," त्या म्हणाल्या. मी नम्रतेने मान झुकवली (किती अंश झुकवायची हे मी आधीच ठरवून ठेवले होते). मग त्यांनी विचारले, "पण आईचा अंगठा कुठं गेला?"

त्या आईचा हात स्वयंपाकातून मोकळा होई तसा वहीवर येई. जे पान अधिक लागे तिथला डाग अधिक गडद. खोकल्याच्या औषधाच्या पानावर तो जवळजवळ काळा होता, कारण या आजी लहानपणी सदैव खोकत. हे सगळे त्यांनी तक्रार म्हणून सांगितले नाही. एखाद्याच्या घरचा पत्ता सांगावा तसे सांगितले. बाई खळीचा ब्रश धुवायला गेल्या आणि तो आवश्यकतेपेक्षा बराच वेळ धूत राहिल्या. पहिल्याच दिवशी त्यांनी फळ्यावर लिहिले होते, "जे परत देता येणार नाही, ते काढू नका." मी ते उतरवून घेऊन खाली दोन रेघाही ओढल्या होत्या (पट्टीने). पण डाग हा वहीचा भाग असतो, असे मला कुणी सांगितले नव्हते, आणि सांगितले असते तर मी वाद घातला असता.

त्या संध्याकाळी मी घरी न जाता नुसती चालत राहिले. तसेही या शेवटच्या आठवड्यात माझे लक्ष ठिकाणावर नाही. भिंतीवरचे वेळापत्रक काढले, तर त्यामागून रंगाचा एक उजळ चौकोन निघाला. त्याच्याकडे पाहत मी किती वेळ बसले होते, कोण जाणे. (एरवी 'कोण जाणे' हे उत्तर मी कुणाकडूनही ऐकून घेत नाही.) न्हाव्याचे दुकान, किल्ल्या करणाऱ्याची टपरी, मग पूल, रोजची वाट, पण आता ती पाण्याखालून पाहावी तशी हलते. पुलावर उभे राहिले की पाणी चालले आहे की पूल, हे क्षणभर कळत नाही आणि कळावेसेही वाटत नाही. सामानाची यादी करायला बसले, तर मोज्यांच्या खाली 'दुपारचे ऊन, दुसरी खिडकी' असे लिहून बसले. माझ्या खोलीतली आणि वर्गातलीही जोडीदारीण (जिला मी पहिल्या दिवसापासून 'वावटळ' म्हणते, आणि जिचे ओले टॉवेल हा स्वतंत्र पत्राचा विषय आहे) ती यादी वाचून म्हणाली, "तुला ताप आलाय का गं?" आणि मग कपाळाला हात लावून, "नाही. मग प्रेमात पडलीस. कुणाच्या?" मी म्हटले, "एका अंगठ्याच्या." तिने त्या रात्रीपुरता टॉवेल बाहेर वाळत घातला.

पुलावरच मला आठवले. टिपकागद! डाग पानातून निघाला तो हवेत गेला नव्हता. तो वरच्या टिपकागदात शिरला होता. सर्वसामान्य माणूस वापरलेला टिपकागद टोपलीत टाकतो. परंतु मी सर्वसामान्य माणसांविषयी काय म्हणते ते आपण जाणताच. मी प्रत्येक टिपकागदावर पान क्रमांक, दिनांक आणि औषधाचे प्रमाण लिहून सगळे एका फायलीत ओळीने लावून ठेवले होते. कशासाठी? तर कुणी माझ्या पद्धतीवर आक्षेप घेतलाच, तर तोंडावर फेकण्यासाठी.

बुधवारी सकाळी ती फाईल बाईंच्या टेबलावर ठेवली. त्यांनी एकेक टिपकागद खिडकीशी धरला. अडतीस अंगठे. फिके, गडद, काही घसरलेले, एक तर घाईघाईत अर्धाच. बाई इतक्या हसल्या की त्यांना चष्मा काढावा लागला. "अगं, चोरी केलीस ती केलीस," त्या म्हणाल्या, "वर पावत्याही जपून ठेवल्यास!"

दोन दिवस मी त्या टिपकागदांची एक बारीकशी वही शिवली. असला मळका, औषध प्यालेला कागद जुन्या वहीला चिकटू देऊ नये, असे आमचे शास्त्र सांगते. म्हणून ती वेगळी. दोन्ही वह्या शेजारी उघडल्या की डावीकडे पान आणि उजवीकडे त्याचा अंगठा. शिवताना माझे टाके वाकडे गेले. तीन टाके, मामा. उसवून पुन्हा घालता आले असते. कार्यशाळेच्या दुसऱ्या खिडकीतून ऊन येत होते, खळ सुकत होती, कुठेतरी कुणी खुर्ची सरकवली, आणि मी ते टाके तसेच राहू दिले. (हे घरी कुणाला सांगू नये.)

आज दुपारी आजी आल्या. येताना बिस्किटे आणली होती. आम्हा सर्वांना दिली, स्वतः एक खाल्ले, आणि त्याच बोटांनी सरळ वही उघडली. मी ओरडले नाही. जन्मापासूनचे हे माझे पहिलेच न ओरडणे असावे. खोकल्याच्या पानाशी येऊन त्यांनी त्या काळ्या अंगठ्यावर आपला अंगठा ठेवला आणि बराच वेळ उचलला नाही. मग म्हणाल्या, "माझा मोठा आहे की गं आईपेक्षा." आणि लहान मुलीसारख्या बाईंकडे पाहू लागल्या.

तरीही सही झाली नव्हती. माझ्या सतरा पानी अहवालात 'झालेले नुकसान' असा एक रकाना होता आणि तो मी कोरा ठेवला होता. बाईंनी त्यावर बोट ठेवले. मी लिहिले, "ठसे निघून गेले." त्यांनी विचारले, "पाय फुटले का त्यांना?" मी लिहिले, "ठसे काढण्यात आले." "कुणी? उंदरांनी?" मी 'अतिदक्षतेमुळे' असा एक शब्द सुचवून पाहिला, त्यांनी नुसते लेखणीचे टोपण दाखवले. अखेर लिहिले, "ठसे मी काढले. विचारायला हवे होते, विचारले नाही." सतरा पानांत एवढ्याच ओळीला मला तीन कागद लागले. बाईंनी टोपण काढले आणि सही केली. शेरा 'उत्तीर्ण' एवढाच. विशेष प्रावीण्य वावटळीला मिळाले.

आता खिडकीशी बसून हे लिहिते आहे. टेबल रिकामे आहे, आणि रिकामे टेबल मला पहिल्यांदाच अस्वच्छ वाटते आहे. घरातील सर्वांना यथायोग्य नमस्कार आणि आशीर्वाद. कुणाला काय, ते आपणच वयाप्रमाणे वाटून द्यावे.

आपली भाची

ता. क. विमानतळावर घ्यायला कृपया आपण एकट्यानेच यावे. मामींना उगाच दगदग नको.

आणखी ता. क. दगदगीचे कारण खरे नाही. मामींची स्वयंपाकाची वही, जी आपण रद्दीत घातलीत असा त्यांचा समज आहे आणि जिच्यापायी त्या पाच महिने आपल्याशी तुटक बोलत आहेत, ती माझ्यापाशी आहे. निघताना सरावासाठी आणली होती; विचारले नव्हते. पहिल्या महिन्यात तिची पहिली सहा पाने मी पांढरीशुभ्र केली. त्या वेळी टिपकागद जपून ठेवण्याची शिस्त मला लागलेली नव्हती. वही मी स्वतः त्यांच्या हाती देईन, पण घरी पोहोचेपर्यंतच्या दोन तासांत आपण माझ्याकडून 'विचारायला हवे होते, विचारले नाही' हे वाक्य घोटून घ्यावे. आणि वही दिल्यावर मामींना माझ्यातर्फे एवढे विचारावे, की सहा दिवस त्या ती वही शेजारी उघडी ठेवून स्वयंपाक करतील का, आणि मधूनमधून पान उलटताना हात न धुण्याची कृपा करतील का.