वीतभर आत, वीतभर बाहेर

शनिवार, ८ मार्च

उद्याचा पंच कोण ते कळलं. म्हणजे हरलो.

रविवार, ९ मार्च

हरलो. एक-शून्य. सत्त्याऐंशीव्या मिनिटाला पेनल्टी. थोरल्यांना, अर्थातच.

बरोबरी पुरली असती. फुटबॉल सीझनची शेवटची मॅच, एक गुण मिळाला की लीगमध्ये राहिलो असतो. आता खालची लीग — तिथे मॅच सुरू करण्याआधी मैदानातून कुत्री हाकलावी लागतात.

त्यांना थोरले आम्हीच म्हणतो. मोठं स्टेडियम, मोठे दिवे, निळ्या काचांची बस. आम्ही बिस्किट कारखान्याच्या मागच्या मैदानावरचे, म्हणून लोकांच्या तोंडी 'बिस्किटं'. बिस्किटांचा माणूस पडला तर पंच म्हणतो, ऊठ. त्यांचा पडला तर आधी शिट्टी, मग विचारपूस. गेल्या वर्षी त्यांच्या बचावातल्या धटिंगणानं बॉल चक्क हातानं अडवला, अख्ख्या मैदानानं पाहिलं. या पंचाला नेमकी तेव्हाच बुटाची नाडी बांधायची होती. पैसे खात असता तर एक वेळ समजलं असतं. हा फुकट करतो! शेपूट हलवायची हौस, दुसरं काय.

शाळेत गणित शिकवतो म्हणे. पोरांचं कल्याण आहे.

मॅचच्या तासभर आधी आला. उत्तरेकडच्या गोलपासून पावलं टाकत पेनल्टी बॉक्सच्या रेषेपर्यंत गेला, तसाच परत. मी रंगाच्या डब्याचं झाकण लावत होतो. म्हणाला, "काका, बॉक्स जरा मोठा वाटतोय. मोजलंय ना तुम्ही?"

मला विचारतो. बावीस वर्षं या मैदानाच्या रेषा मी आखतोय. म्हटलं, "तुम्ही तुमची शिट्टी सांभाळा. रेषा माझ्या आहेत." "बरं," म्हणाला आणि खाली मान घालून गेला. चेहरा बघण्यासारखा झाला होता. मेव्हण्याला सांगितलं तर तो पोट धरून हसला. मेव्हणा म्हणजे हिचा धाकटा भाऊ — धंद्यानं सुतार, आणि स्टँडमधला सगळ्यात मोठा घसा.

आणि मग ते सत्त्याऐंशीवं मिनिट. आमचा डावा बॅक घसरत गेला, त्यांचा फॉरवर्ड कोलमडला. बॉक्सच्या बाहेर. फाउल आत झाला तरच पेनल्टी. मी शेडपाशी उभा होतो, मला बाहेर दिसलं. मेव्हण्याला बाहेर दिसलं. दोन हजार माणसांना बाहेर दिसलं. एकाला तेवढं आत दिसलं, आणि शिट्टी नेमकी त्याच्या तोंडात.

पोलिसांनी त्याला मागच्या दारानं काढला. डोक्यावर बाक धरून. बाक आमच्या क्लबचाच, परत आलेला नाही.

सोमवार, १० मार्च

सकाळी खड्डे बुजवायला गेलो. मॅचनंतर गवतावर सगळं लिहिलेलं असतं, वाचणारा पाहिजे. डाव्या बॅकची घसरण सापडली. टाचेनं खरवडलेला हातभर पट्टा, आणि पाय लागला तिथे खोल खळी.

खळी रेषेच्या आत आहे. वीतभर.

पुन्हा वीत टाकली. मग डाव्या हाताची टाकून पाहिली. तेवढीच.

धक्का आधी लागला असेल, घसरत घसरत पाय आत गेला असेल. तसंच झालं असणार. उगाच डोकं चालवण्यात अर्थ नाही.

सेक्रेटरी दहाला आले. गवतावर दव असलं की साहेब कडेलाच थांबतात, बूट खराब होतात. तिथूनच ओरडून म्हणाले, "अहो, तक्रार ठोकली. फाउल बाहेर होता असं सिद्ध झालं तर मॅच पुन्हा. शुक्रवारी असोसिएशनचा माणूस टेप घेऊन येतोय. खुणेला हात लावू नका!"

खळीवर बादली उपडी घातली. वीतभराचं बोललो नाही.

मंगळवार, ११ मार्च

मेव्हणा चहाला आला, खुशीत. पंचाच्या शाळेच्या फाटकावर 'चोर' लिहून आला. हातभर उंच अक्षरं. "दाजी, तुमच्याच डब्यातला रंग." मीही हसलो. ही हसली नाही. म्हणाली, पोरं वाचणार ते. मी म्हटलं, वाचू देत, तेवढंच खरं शिक्षण.

बुधवार, १२ मार्च

आज मेव्हण्याकडून पोलादी टेप आणली. शुक्रवारच्या आधी एकदा आपलं आपण मोजलेलं बरं.

गोलरेषेपासून खळीपर्यंत — सोळा मीटर एकाहत्तर. बॉक्स साडेसोळाचा असतो. म्हणजे फाउल बाहेर! वीतभर बाहेर! एकटाच होतो तरी मोठ्यानं शिवी दिली, त्या गणितवाल्याच्या नावानं. चोर तो चोरच.

मग खाली पाहिलं. खळी रेषेच्या आतच होती की.

टेप आणखी ओढली. रेषा सोळा चौऱ्याण्णववर.

बसलो तिथेच. पुन्हा मोजलं, चार वेळा. दक्षिणेकडचा बॉक्स मोजला — साडेसोळा, चोख. उत्तरेचा चव्वेचाळीस सेंटिमीटर जास्त. पेनल्टीचा ठिपकासुद्धा मागे सरकलेला. थोरल्यांनी लांबून मारला, तरी गोल झाला. आमचा गोली धन्य आहे.

उत्तरेकडचं गवत जानेवारीत नवीन घातलं. त्यामुळे तिथल्या रेषा नव्यानं आखल्या, दोरीनं. गाठी मारलेली नायलॉनची दोरी, आधीच्या मैदानवाल्यानं मला दिलेली. साडेसोळाच्या गाठीला लाल दोरा. दोरीवर माझा एवढा भरवसा की टेप कधी घेतलीच नाही. दोरी घरी आणून जमिनीवर अंथरली आणि टेप लावली. लाल दोरा सोळा चौऱ्याण्णववर.

ही बघत होती. म्हणाली, "ही दोरी होय? डिसेंबरात तुम्ही हॉस्पिटलात होतात ना, तुमच्या पिशवीत सापडली. तीन आठवडे धुणं वाळत घातलं हिच्यावर. चादरी, ब्लँकेटं. चांगली ताणून बांधली होती." मग माझ्या तोंडाकडे बघून विचारलं, "काय झालं?"

सांगितलं. म्हणाली, "म्हणजे त्यानं बरोबर विचारलं होतं तुम्हाला."

जेवण गेलं नाही.

त्यानं माझ्या रेषेकडे बघून शिट्टी वाजवली. माझी रेषा म्हणाली आत, तो म्हणाला आत. दोन हजार माणसं बेंबीच्या देठापासून ओरडत होती, त्यातल्या एकालाही रेष दिसली नाही. मलाही नाही, आणि आखली मी! आमच्या डोळ्यांना रेष लागतच नाही, जर्सीचा रंग पुरतो. फेब्रुवारीत याच टोकाला टपाल खात्याच्या टीमविरुद्ध आम्हाला पेनल्टी मिळाली. तोही फाउल रेषेला अगदी चिकटून. तेव्हा कुणी टेप मागितली नाही. शेवटी न्याय झाला म्हणून मेव्हण्यानं पेढे — नाही, पेढे नाही, कारखान्यातली तुटकी बिस्किटं वाटली होती. मीही दोन खाल्ली.

थोरल्यांना पंच विकत घ्यायची गरजच नव्हती. त्यांना मी होतो.

गुरुवार, १३ मार्च

सेक्रेटरींना सांगितलं. वाटलं होतं, खुर्चीतून पडतील. साहेबांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला.

"कुणाला बोललात?"

"फक्त घरी."

"झकास. म्हणजे खरंच बाहेर होता की हो फाउल! आपण खरंच बोलत होतो." मग खुर्ची पुढे ओढून, अगदी मायेनं: "रेष उद्याच्या आत जागेवर आणा. खोटं काही करायचं नाहीये. साडेसोळा म्हणजे साडेसोळा. चुकीची रेष दुरुस्त करणं हे तुमचं कामच आहे ना?"

"आणि पंच?"

"पंचाचं काय? इतकी वर्षं त्यानं आपलं काय केलं?"

हा माणूस दर मॅचला छातीवर हात ठेवून न्याय न्याय करतो.

दुपारी मैदानाच्या फाटकाला आतून कुलूप लावलं. रेषेवरचं गवत खरवडून काढलं, जिथे निघेना तिथे हिरवा रंग मारला. नवी रेष साडेसोळावर, टेप लावून. ठिपका हलवला. बावीस वर्षांतली सगळ्यात सरळ रेष.

शुक्रवार, १४ मार्च

मोजणीदार अकराला आला. कोरडा माणूस, चहासुद्धा घेतला नाही. पंच शाळेतून थेट आला होता, बाहीवर खडूची पूड. त्याला कुणी खुर्ची दिली नाही. मेव्हणा आणि शंभरेक टाळकी जाळीपलीकडून शिट्ट्या मारत होती.

बॉक्स — "सोळा पन्नास. चोख." बादली उचलली. खळी — "सोळा एकाहत्तर. बाहेर." जाळीपलीकडे नाच सुरू झाला.

मग मोजणीदारानं खिशातून कागद काढला. पंचाचा रिपोर्ट, रविवारी संध्याकाळीच लिहून दिलेला. मोठ्यानं वाचला. "उत्तरेकडचा बॉक्स मला मोठा वाटला. मैदान राखणाऱ्यांना विचारलं, त्यांनी खात्री दिली. तरीही मी स्वतः मोजायला हवं होतं. तसं केलं नाही, ही चूक माझी."

माझी, असं लिहिलं होतं. डोक्यावर बाक धरून बाहेर काढलेल्या माणसानं, त्याच संध्याकाळी.

मोजणीदारानं टेपकडे पाहिलं, कागदाकडे पाहिलं. "सर, तुम्ही गणित शिकवता ना?"

सेक्रेटरी आधी हसले. मग सगळे.

पंच दोन पावलं मागे आला, वाकला, जुनी रेष होती तिथल्या गवतातून बोट फिरवलं. बोट हिरवं झालं. बोटाकडे पाहिलं, मग माझ्याकडे. हळू आवाजात, फक्त मला ऐकू जाईल असं विचारलं, "काका, मोजलंय ना तुम्ही?"

मी म्हटलं, "हो."

त्यानं रुमालाला बोट पुसलं, रुमाल नीट घडी करून खिशात ठेवला आणि गेला. ओरडला असता, बोट दाखवलं असतं, तरी कुणी ऐकलं नसतं. पंचाचं कोण ऐकतं? मी ऐकलं असतं, आणि ते त्याला ठाऊक होतं.

शनिवार, १५ मार्च

निकाल आला. मॅच पुन्हा, पुढच्या रविवारी. पंचाला काढून टाकलं, कायमचं. कारण लिहिलंय — चुकीचा निर्णय, आणि तो झाकायला खोटा रिपोर्ट.

क्लबमध्ये मला हार घातला. खळी जपून ठेवली म्हणून. सेक्रेटरींनी भाषण केलं, लहान क्लबांनाही न्याय मिळतो म्हणाले. मी टाळ्या वाजवल्या. स्वतःच्या सत्काराला टाळ्या वाजवणारा गाढव मी पहिलाच असेन.

रविवार, १६ मार्च

मेव्हणा सांगत होता, पंचाच्या शाळेत पोरं तास चालू असताना शिट्ट्या मारतात. पालक हेडमास्तरांना भेटले, खोटं लिहिणारा मास्तर नको म्हणून. मेव्हण्याला यात फार मजा वाटत होती. ही उठून आत गेली.

तो गेल्यावर बाहेर आली. हातात दोरी. "धुणं मी वाळत घातलं. माझं नाव सांगा."

मी म्हटलं, रेष मी आखली. खात्री मी दिली. दोनदा.

सांगितलं तर काय होईल ते मला पक्कं माहीत आहे. निकाल उलटेल, क्लब खाली जाईल. माझी नोकरी जाईल. मेव्हणा या घराची पायरी चढणार नाही, आणि फाटकावर पुढचा 'चोर' कुणाच्या नावानं लिहायचा हे त्याला विचारावं लागणार नाही. आयुष्यभर थोरल्यांपुढे वाकणाऱ्या माणसांना तोंडभर शिव्या दिल्या. मला वाकवायला थोरले लागलेच नाहीत. चष्मा पुसणारा एक सेक्रेटरी पुरला.

ही दोरी गुंडाळत होती. कोपरापासून अंगठ्यापर्यंत, एकसारखे वेढे.

सोमवार, १७ मार्च

असोसिएशनच्या ऑफिसात गेलो. ही बरोबर होती. मोजणीदाराच्या टेबलावर दोरी ठेवली आणि म्हटलं, मोजा.