तळमजल्यावरचे घर आणि जाण्याची मुभा

मी, आसावरी परशुराम खातू, वय एकाहत्तर, निवृत्त शिक्षिका, राहणार मानपाडा रोड, डोंबिवली पूर्व, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने लिहीत आहे. लिहिण्यासाठी माझ्यावर कोणी दडपण आणलेले नाही. न लिहिण्यासाठी मात्र घरातून पुष्कळ आले. माझी बुद्धी शाबूत असल्याचा डॉ. निकोल परेरा यांचा दाखला सोबत आहे. बुद्धी शाबूत आहे हे खरे, आणि तिला निर्णय सापडत नाही हेही खरे. कायदा पहिलीच गोष्ट विचारतो, म्हणून पुढे लिहिते. आधीचे तीन मसुदे मी फाडले आहेत. त्यांचा आधार कोणी घेऊ नये.

१. माझे पती परशुराम हयात नाहीत. मला एकच मुलगी, अमृता. तिचा नवरा विनीत. २०२२ च्या गोकुळाष्टमीआधी ठाकुर्लीला मैदानात दहीहंडीचा सराव चालू असताना थर कोसळला. विनीत तिसऱ्या थरात होता. वरची माणसे त्याच्यावर पडली आणि त्याचा मणका गेला. छातीखाली त्याला संवेदना नाही. लग्नाला तेव्हा दीड वर्ष झाले होते. त्यांची भाड्याची जागा तिसऱ्या मजल्यावर, लिफ्ट नाही, म्हणून दोघे माझ्या तळमजल्यावरच्या घरात आले. उंच थरांविरुद्ध मी कित्येक वर्षे व्यासपीठांवरून आग ओकली आहे. विनीतच्या पथकातली मुले मला ‘बंद करा बाई’ म्हणत. माझे म्हणणे खरे ठरले. खरे ठरण्याइतकी निरुपयोगी गोष्ट मी दुसरी पाहिलेली नाही.

२. माझी पुस्तके ठाकुर्लीच्या वाचनालयाला द्यावीत. समासात मी लेखकांशी भांडलेली आहे. ती भांडणे खोडू नयेत.

३. सत्कारांत मिळालेल्या शाली ट्रंकभर आहेत. त्यांनी ऊब येत नाही. विनीतच्या टाचांखाली घडी करून ठेवाव्यात, तर तिथूनही घसरतात. शेजारच्या जॉर्जिनाबाईंनी नाताळच्या नाटकासाठी मागितल्या आहेत, तीन राजांना लागतात म्हणाल्या. त्यांना द्याव्यात.

४. परशुराम औद्योगिक वसाहतीत फिटर होते. त्यांच्या हत्यारांची पेटी भगवानला द्यावी. भगवान विनीतच्या पथकातला. बाकीचे सुरुवातीला फळे घेऊन आले, मग येईनासे झाले. हा दर रविवारी येतो, विनीतला उचलून आंघोळ घालतो. न्हाणीघरातले धरायचे दांडे त्यानेच याच हत्यारांनी बसवले.

‘काय रे, वजन वाढलं तुझं.’

‘तूच उचलणार. मला काय टेन्शन?’

असे त्यांचे चालते. थर कोसळला तेव्हा भगवान विनीतच्या खांद्यावर उभा होता. त्याबद्दल ते दोघे कधी बोलले आहेत का, मला माहीत नाही.

५. विनीतचा थोरला भाऊ सुश्रुत कल्याणला राहतो. तो मला म्हणाला होता, ‘तुमच्या मुलीचा नवरा आहे, आता तुम्हीच बघा.’ आम्ही बघत आहोत. त्याला मी काही देत नाही. माझ्या शोकसभेत त्याने बोलायला उभे राहू नये. इमारतीतल्या ज्या बायका अमृताला सावित्री म्हणतात, त्यांना त्या दिवशी माझ्या घरी चहा देऊ नये. बाईच्या डोक्यावर मखर बांधले की तिला हलता येत नाही, हे मी आयुष्यभर ओरडून सांगितले आहे. मेल्यावरही सांगते.

६. आता मुख्य बाब. संक्रांतीच्या सुमारास अमृता भांडी विसळत होती. पाठमोरीच म्हणाली, ‘आई, मी राहू की जाऊ?’

तिची कंपनी तिला बढती देऊन नागपूरला पाठवत होती. तिला उत्तर द्यायचे होते. पण ती नागपूरबद्दल विचारत नव्हती, हे मला कळत होते.

मी म्हटले, ‘हे बघ, माणूस जेव्हा स्वतःला...’

‘भाषण नको गं. एक शब्द सांग.’

मला तो सांगता आला नाही. आजही येत नाही.

परशुराम अर्धांगवायूने नऊ वर्षे अंथरुणाला होते. त्या काळात मी बायकांना सांगत फिरत होते की जे घर तुम्हाला गिळते त्यातून बाहेर पडा. सभेहून आले की ते म्हणत, ‘या वक्त्याबाई. सुधारलं का जग? आता ही उशी सुधारा.’ मी उशी सरळ करीत असे. कल्याणला एका मुलीने भर सभेत विचारले, ‘मग तुम्ही का नाही बाहेर पडलात?’ मी दिलेल्या उत्तराला टाळ्या पडल्या. परतताना रिक्षात ते उत्तर मला आठवेना. प्रेम म्हणावे, तर आम्ही चार वाक्ये सरळ बोलत नव्हतो. कर्तव्य म्हणावे, तर त्या शब्दाची मला शिसारी आहे. सकाळ व्हायची, त्यांचे तोंड धुवायचे, पेज भरवायची, मग शाळा. एवढेच नक्की आठवते. ज्यातून सुटण्याची वाट नव्हती ते असेच पार पडले, पण यातून अमृताला काय सांगावे ते मला कळत नाही. राहा म्हणायला जीभ उचलत नाही. जा म्हणावे, तर आतल्या खोलीत विनीत आहे. त्याने कोणाचे काय बिघडवले आहे?

७. घराच्या वाटणीचे तीन मसुदे का फाडले, ते सांगते. पहिल्यात घर अमृताला दिले. वाचताना दिसले की मग ती गेली तर विनीतला बाहेर काढून जाणार, म्हणजे ती जाणारच नाही. दुसऱ्यात विनीतला दिले. मग ती त्याच्या घरात राबणारी झाली. तिसऱ्यात विकून निम्मे निम्मे केले, तर दोघेही उघड्यावर. माझी जुनी विद्यार्थिनी संचिता वकील आहे. ती म्हणाली, ‘बाई, एकदाचं ठरवा. मृत्युपत्रात “कदाचित” हा शब्द लिहिता येत नाही.’

म्हणून असे ठरवते. घराची मालकी अमृताची. आतल्या खोलीत तहहयात राहण्याचा हक्क विनीतचा. अमृता त्याची पत्नी असो वा नसो, इथे राहो वा न राहो. घर विकले तरी तो हक्क सुटणार नाही. माझ्या ठेवींचे व्याज त्याच्या मदतनीसाच्या पगाराला जावे. मृत्युपत्राची व्यवस्था संचिताने पाहावी.

हे विनीतला वाचून दाखवले. तो म्हणाला, ‘आई, म्हणजे ती गेली तरी माझं अडणार नाही.’

‘अडेल. पण छप्पर राहील आणि उचलायला माणूस राहील.’

त्याने मला ती बाब पुन्हा वाचायला लावली. ‘रोज सकाळी ती येते तेव्हा मला कळत नाही, तिला यायचंय की यावं लागतंय. आता कळेल.’ मग म्हणाला, ‘मला कळायला हवंय का, तेच समजत नाहीये.’

अमृताने कागद उभ्यानेच वाचला. ‘आई, हे कधीपासून?’

‘माझ्यामागे.’

‘म्हणजे तू जाईपर्यंत मी थांबायचं?’

इतकी वर्षे बोलून, इतके वाचून, हे माझ्या ध्यानात आले नव्हते.

८. सबब, बाब ७ साठी माझ्या मरणाची वाट पाहू नये. मृत्युपत्र जिवंतपणी लागू होत नाही, म्हणून संचिता राहण्याच्या हक्काचा स्वतंत्र दस्त करून देत आहे आणि तो येत्या सोमवारी नोंदवायचा आहे. मदतनीस एक तारखेपासून येईल. मी जिवंत आहे तोवर रात्रीची कूस बदलणे माझ्याकडे. मला ते येते.

अमृताने काल कंपनीला उत्तर पाठवले. काय पाठवले ते मी विचारलेले नाही. आज सकाळी ती विनीतच्या खोलीत चहा घेऊन गेली आणि दार लोटून घेतले. आतून हसण्याचा आवाज आला की रडण्याचा, मला ओळखता आले नाही. मी दार वाजवले नाही.

वरील सर्व मी पुन्हा वाचले. बाब ६ चे उत्तर त्यात नाही, हे मला ठाऊक आहे. तरीही हे पुरते समजून, खालील दोघांच्या देखत सही करते. त्या दोघांनीही माझ्या व एकमेकांच्या समोर सह्या केल्या आहेत.

सही : आसावरी परशुराम खातू

साक्षीदार :
१. डॉ. निकोल परेरा, डोंबिवली पूर्व
२. धोंडीबा रामजी साळुंके, इमारतीचे सचिव, डोंबिवली पूर्व

ठिकाण : डोंबिवली
दिनांक : २१ फेब्रुवारी २०२६